हौसेचा जमाखर्च

मागच्या महिन्यात आमच्या तालमीच्या अध्यक्षांचा फोन आला. अध्यक्ष म्हणजे वय ३१, माझ्या पुतण्याच्या वर्गातला पोरगा. "काका, फुटबॉल टीमची स्मरणिका काढायलोय. इतिहास तुमीच लिवायचा. दोन पानं बास. बाकी सगळ्या जाहिराती हाईत."

मी म्हटलं, अरे, एवढ्या वर्षांचा इतिहास दोन पानांत कसा मावायचा? तर म्हणाला, "मावंल तेवढा कोंबा. उरलेला पुढच्या वर्षी."

म्हणून रविवारी सकाळी तालमीत गेलो. तिथल्या लोखंडी कपाटाची किल्ली शेजारच्या पानपट्टीवर असते. हे आख्ख्या गल्लीला ठाऊक आहे, म्हणूनच आजवर त्यातलं काही चोरीला गेलं नसावं. कपाट उघडलं तर चषकांची ही दाटी. निम्म्यांचे कान तुटलेले, एकाच्या पोटात नेटची गुंडाळी, दुसऱ्यात हवा भरायची पिन आणि कुणाची तरी मोडकी कंगवा-फणी. खालच्या कप्प्यात, जुन्या गणपतीच्या मखराखाली, लाल कापडी बांधणीच्या सात वह्या होत्या.

मला वाटलं, घावलं! आता कुणी किती गोल मारले, कुठल्या साली कोणता चषक आला, सगळं आयतं मिळणार. खाली बसून पहिली वही उघडली. सातही वह्यांत मिळून एका गोलाची नोंद नाही. जे आहे ते सगळं जमा आणि नावे. आमच्या टीमचा लिखित इतिहास म्हणजे तिच्या खर्चाचा हिशोब, एवढाच.

तालमीचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर दुसऱ्या पेठेतले पुढं वाचायचे नाहीत, आणि आमच्या पेठेतले आपलं नाव आलंय का तेवढंच शोधतील.

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला एक गोष्ट समजावून सांगावी लागते: आमच्याकडे फुटबॉलच्या संघाला 'तालीम मंडळ' का म्हणतात. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल, खंडोबा. एकाच्या नावात तर चक्क वाघ आहे, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. ही नावं पेपरात वाचून परगावच्या माणसाला वाटतं, कुस्त्यांची बातमी आहे. त्याचं फारसं चुकत नाही. शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले, त्यांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं राहिलं, आणि पेठेपेठेत तालीम ही घरातल्या देवघरासारखी गोष्ट होऊन बसली. आत हळद, ताक, तेल, लिंबू मुरवलेली लाल माती. बाहेर कट्टा. तिथंच गणपती बसायचा, तिथंच मोहरमचा पंजा, तिथंच पोवाडा, आणि कुणाच्या घरात मयत झाली की बांबू, मडकं आणायला पोरं तिथूनच निघायची. अशा जागेत फुटबॉल आला. जगात तो कुठूनही निघालेला असो, पेठेत तो तालमीच्या दारातून शिरला, आणि येताना चपला बाहेर काढून आला.

त्यामुळं आमच्या जुन्या बॅक लोकांना चेंडू आणि माणूस यांत फरक करायची फारशी सवय नव्हती. सकाळी जोर-बैठका, संध्याकाळी फुटबॉल. समोरचा फॉरवर्ड अंगावर आला की हात आपोआप पटात शिरायचे. तालमीच्या भिंतीवरच्या सगळ्यात जुन्या फोटोत अकरा जण उभे आहेत, छाती फुगवून, मिशांना पीळ देऊन. त्यांतल्या सातांच्या पायात काही नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपल्या देशाच्या संघातले बरेच जण अनवाणी खेळले, हे शाळेत ऐकलं तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. मला वाटायचं, फुटबॉल तसाच खेळतात.

पहिली वही तात्या शिंप्यांच्या हातची. तात्या आमचे पहिले खजिनदार. जर्सी तेच शिवायचे म्हणून पैसेही त्यांच्याच हातात. अक्षर पेन्सिलीचं, बारीक, टीप घातल्यासारखं. पहिल्या पानावर वर 'श्री अंबाबाई प्रसन्न', आणि खाली:

ब्लॅडर १. वादी १. टाके. लिंबं १ डझन. फक्की १ पोतं.

एवढ्या पाच शब्दांत पन्नास वर्षांचा फुटबॉल आहे, पण आताच्या पोरांना यातला एकच शब्द कळतो, लिंबं. तेव्हाचा चेंडू म्हणजे कातड्याची कवचं शिवलेली पिशवी. आत रबरी ब्लॅडर. ब्लॅडरची मान बाहेर काढायची, पंपानं फुगवायचं, मान दुमडून दोऱ्यानं आवळायची, आत ढकलायची, आणि वरचं तोंड कातडी वादीनं बुटासारखं बांधून टाकायचं. बांधणाराच्या अंगठ्याला घट्टे पडायचे. ती वादी चेंडूवर उंचवट्यासारखी राहायची. हेड मारताना नेमकी कपाळावर आली की दोन दिवस तिथं वादीचा छाप. आमच्या सेंटर हाफच्या कपाळावरचा असला छाप बघून एकदा पाहुण्यांनी त्याला गंध समजून 'माळकरी आहात का' असं विचारलं होतं, आणि त्या घरची सोयरीक ठरली.

चेंडू जालंधरहून यायचे. फाळणीनंतर सियालकोटचे कारागीर तिकडून उठून जालंधरात आले आणि त्यांच्याबरोबर चेंडू शिवायची कला आली. तिकडं शिवलेला चेंडू कोल्हापुरात उसवला की तो सुभाषनगरातल्या एका मामांकडं जायचा. मामा चपला करायचे. कोल्हापुरी चपलेचे टाके घालणाऱ्या हातांना फुटबॉल काय जड? उसवलेली शिवण बघून ते सांगायचे, "ह्यो कुणी काट्यात मारला नव्हं? भिंतीवर मारत बसला व्हता न्हाई?" आणि मामांचा एक नियम होता. टीम जिंकली की टाक्याचे पैसे घ्यायचे नाहीत. हरली तर दुप्पट.

हे मला ठाऊक होतं म्हणून वहीचं कुलूप उघडलं. 'टाके' या शब्दापुढं शून्य असेल तर आदल्या दिवशी आम्ही जिंकलो. दुप्पट आकडा असेल तर हरलो. लिंबं एक डझन म्हणजे सामना वेळेत संपला. दोन डझन म्हणजे जादा वेळ. 'गुलाल' आणि 'हार' एका ओळीत आले म्हणजे चषक आला. नुसताच 'हार' असेल तर पाहुणे. 'आयोडीन, कापूस, पट्टी' हे टाक्याच्या शून्याबरोबर आलं तर समजावं की जिंकलो, पण घरी नीट आलो नाही. एकदा ही भाषा कळली आणि मी दुपारचं जेवण विसरलो. गोल नसलेल्या त्या वह्यांतून सामन्यामागून सामने उठून यायला लागले.

पहिल्या सामन्याबद्दल तालमीच्या कट्ट्यावर दोन पक्ष आहेत. आण्णा म्हणतात, आपण एक शून्यनं जिंकलो. बापू म्हणतात, बरोबरी झाली. गेली चाळीस वर्षं हा वाद चालू आहे, आणि तो सामना झाला तेव्हा दोघांपैकी एकाचाही जन्म झालेला नव्हता. मी वही घेऊन कट्ट्यावर गेलो. त्या दिवशीची नोंद दाखवली: लिंबं १ डझन, टाके, पुढं आकडा, आणि तोही दुप्पट.

दोघंही गप्प. मग बापूंनी चष्मा वर केला. "तात्या लिवायला चुकला असंल."

आण्णा लगेच म्हणाले, "चुकलाच असंल." चाळीस वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं.

फक्कीचं सांगायचं राहिलं. मैदानावर पांढऱ्या रेघा मारायची पूड ती फक्की. आम्ही चुन्याची भुकटी वापरायचो. हे काम माझं होतं. म्हणजे मी टीममध्ये होतो ते आधी रेघा मारणारा म्हणून. खेळायला पुढं मोजून दोन हंगाम मिळाले, तेही राइट बॅकला कुणी आजारी पडलं तर. वय १२. तुपाच्या रिकाम्या डब्याला खाली खिळ्यानं भोकं पाडायची. दोन टोकांना खुंट्या, मध्ये ताणलेली सुतळी. सुतळीच्या अंगानं वाकून, डबा हलवत, मागं मागं चालत जायचं. पुढं चालत गेलात तर आपलीच रेघ आपल्याच पायानं पुसते, हे पहिल्या दिवशी मार खाऊन शिकलो. मधलं वर्तुळ काढायला १० यार्डांची दोरी मध्ये खुंटीला बांधायची आणि तिच्या टोकाला धरून बैलासारखं फिरायचं. वारा आला की फक्की डोळ्यात. सराव संपवून घरी जाताना पापण्या पांढऱ्या, भुवया पांढऱ्या. गल्लीतल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, आला बघा आमचा भस्म्या गोसावी.

पेनल्टीचा ठिपका बारा यार्डांवर असतो. आम्ही बारा ढांगा मोजायचो. आमच्या गोलसमोरच्या ढांगा आण्णा टाकायचे, समोरच्या गोलपुढच्या मी. आण्णांची उंची सहा फूट आणि मी १२ वर्षांचा. सरावाच्या मैदानावर आमच्याशी खेळायला आलेल्या किती संघांनी आमच्या गोलीला उगाच थोर मानलं असेल, कोण जाणे.

आणि मैदान तरी कसलं? आमच्या गावात मूळचीच तळी उदंड. मग तळी बुजवून मैदानं केली. वरुणतीर्थ बुजवलं, त्याचं गांधी मैदान झालं. रावणेश्वराचं तळं गेलं, तिथं शाहू स्टेडियम आलं. पण पाणी आपली जागा विसरत नाही. पावसाळा लागला की गांधी मैदानावर वरुणतीर्थ मुक्कामाला येतं, गोलपोस्टचे पाय बुडतात, बेडकं थ्रो-इनच्या रेषेवर बसून असतात. म्हणून आमचा हंगाम थंडीत सुरू होतो आणि वळवाच्या पावसाशी मारामारी करत संपतो. बाकी देशात फुटबॉल पावसाचा खेळ असेल. इथं तो उन्हाचा, धुळीचा आहे. एप्रिलच्या दुपारी शाहू स्टेडियमच्या पायरीवर बूड टेकवून दाखवा, मग बोलू.

तिसऱ्या वहीत एक गंमत सापडली. त्यात दर आठवड्याला 'साबण वड्या ४' असं येतं. येत राहतं, आणि एका पानानंतर एकदम बंद होतं. जर्सी तर तेवढ्याच होत्या, मळत तर तेवढ्याच होत्या. मग साबण कुठं गेला?

साबण आमच्या घरी गेला. त्या सुमारास जर्सी धुवायचं काम आईकडं आलं होतं. पहिल्याच आठवड्यात खजिनदार साबणाचे पैसे द्यायला दारात आले, तर आई उंबऱ्यातून म्हणाली, "पैसं घ्यून कपडं धुवायला मी काय लाँड्री उघडलोय व्हय?" आमच्याकडं बायका असंच बोलतात, 'मी आलो, मी गेलो', परगावच्यांना दचकायला होतं. पैसे परत गेले. म्हणजे वहीतली ती रिकामी जागा ही आईची वर्गणी. ती कुणी जमेच्या बाजूला धरलेली नाही.

आईनं उभ्या जन्मात स्टेडियमची पायरी बघितली नाही. पण तिला मॅच कळायची ती बादलीतून. पंधरा जर्सी धुणीवर आपटता आपटता ती सांगायची, "दोन नंबरच्या पोराचा डावा खांदा सगळा लाल. लई वेळा पाडलं त्येला." किंवा, "सातच्या पाठीवर हिरवं हाय. गवताच्या कडंला खेळवलं काय रं?" एकदा तिनं एक जर्सी झटकून माझ्यासमोर धरली. नुसती घामेजली होती, मातीचा कण नाही. "ह्यो पोरगा आज खेळला न्हाई. नुसता पळाला." त्या दिवशी कट्ट्यावर मोठ्यांचं जे दोन तास चाललं होतं, त्याचा निकाल या एका वाक्यात लागलेला होता. तो पोरगा पुढच्या सामन्याला बसवला गेला. हे आईमुळं झालं असं मी म्हणत नाही. मी फक्त ते वाक्य कट्ट्यावर जाऊन सांगितलं होतं.

असल्या संघांना मराठीत 'हौशी' म्हणतात. हौसेला मोल नसतं, असंही म्हणतात. आमच्या वहीत तर पानोपान मोल लिहिलंय. कुणी शिरोलीच्या एमआयडीसीत लेथवर, कुणी उद्यमनगरात फाउंड्रीत, कुणी भाजीच्या गाडीवर, कुणी दुधाच्या फेरीला. दुपारची पाळी बदलून घ्यायची, मुकादमाच्या हातापाया पडायचं, अर्ध्या दिवसाचा पगार सोडायचा आणि मग नव्वद मिनिटं पळायचं. गुडघा गेला की आठ दिवस घरी. 'अमक्याच्या गुडघ्यास, डॉक्टर' अशा नोंदी आहेत. त्याच्या शेजारी, त्याच तारखेला, 'त्याच्या घरी ज्वारी, १ पायली'. ही दुसरी नोंद तात्यांनी पेन्सिलीनं इतकी बारीक लिहिली आहे की त्या घरच्यांनी पुढं कधी वही बघितली तरी वाचता येऊ नये. फुटबॉलवर पुष्कळ लोक पुष्कळ लिहितात. त्या नोंदीएवढं चांगलं मी तरी कुठं वाचलेलं नाही.

पुढच्या वह्यांत अक्षर बदलतं, बॉलपेन येतं, आकडे मोठे होतात. ब्लॅडर जातं, वादी जाते, 'स्टड', 'स्टॉकिंग', 'बस भाडे' येतं. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आमची केएसए, तिची लीग. वरच्या गटात १६ संघ. आणि लीग संपली की कुणाकुणाच्या नावानं एकामागून एक चषक. स्थानिक पेपरांत सामन्याचा वृत्तांत असा येतो की राज्याचं बजेट त्यापुढं कोपऱ्यात. पैसा आला तशी पळवापळवीही आली. हंगामाच्या तोंडावर खेळाडूंची नोंदणी असते. एकदा ज्या संघाकडं सही केली, त्या संघाकडं वर्षभर. त्या आठवड्यात पेठेत लग्नघरासारखी धावपळ. चांगल्या स्ट्रायकरला नोंदणीच्या आदल्या रात्री 'देवाला' म्हणून गाडीत घालून न्यायचं आणि सकाळी थेट सहीच्या टेबलावर आणायचं, हे आम्हीही केलंय. जोतिबाला त्या आठवड्यात फार भाविक.

आमच्या गल्लीतला एक पोरगा, माझ्याच रेघांवर लहानाचा मोठा झालेला, असाच एका वर्षी समोरच्या पेठेत गेला. पैसे बरे मिळत होते आणि बहिणीचं लग्न होतं. गल्लीनं त्याच्याशी बोलणं टाकलं. मीही टाकलं. दळण आणायला त्याची आई लांबच्या गिरणीत जायला लागली. सामन्यात त्यानं आमच्यावर गोल केला आणि नाचला नाही. मान खाली घालून मधल्या रेषेकडं चालत गेला. हे सगळं मला आज, वह्यांतली ज्वारीची नोंद वाचल्यावर, फार लागतं. तात्या तेव्हा असते तर त्यांनी काय केलं असतं ते मला माहीत आहे. आम्ही ते केलं नाही.

आणि एकदा पान उघडलं की सगळंच सांगावं. शाहू स्टेडियमवर मी एकदा चप्पल फेकली आहे. उपांत्य सामना, टायब्रेकर, आणि त्याआधी एक हँडबॉल, जो आमच्या बाजूच्या दहा हजार डोळ्यांना दिसला आणि रेफ्रीच्या दोन डोळ्यांना नाही. माझं वय तेव्हा रेघा मारायचं राहिलं नव्हतं. बँकेत कायम झालो होतो, एक मुलगी होती. तरी हात खाली गेला, चप्पल हातात आली, आणि गेली. सुभाषनगरचीच, चांगली कापशी, करकर वाजणारी. जाळीला लागून आमच्याच पोरांच्या डोक्यावर पडली. मग त्या बाजूनं दगड आले, या बाजूनं गेले, पोलीस आले, लाठ्या. मी एक पाय अनवाणी, एक पायात चप्पल अशा थाटात घरापर्यंत चालत गेलो. वाटेत वाटलं, दुसरीही टाकून द्यावी. पण ती मध्यमवर्गीय शहाणपणानं जपून घरी आणली. सहाव्या वहीत त्या दिवशीचं पान आहे: 'पट्टी, कापूस. पोलीस ठाणे, चहा ४०.' चाळीस चहा. म्हणजे निदान चाळीस जण तरी आत होते. अशा दिवसांमुळं सामने थांबले, स्पर्धा अर्ध्यावर सोडाव्या लागल्या, आणि पोरांच्या नावावर केसेस चढल्या त्या नोकरीच्या वेळी आडव्या आल्या. पेठेची ईर्ष्या म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, तिचं बिल कुणाच्या नावे पडतं, तेवढंच बघावं.

सहाव्याच वहीत 'खोली भाडे, तांदूळ २५ किलो' अशी नोंद सुरू होते. तेव्हा कोल्हापूरच्या संघांतून परदेशी खेळाडू उतरायला लागले होते. आमच्याकडंही एक नायजेरियाचा पोरगा दोन हंगाम होता. तालमीच्या माडीवरच्या खोलीत राहायचा. पांढऱ्या रश्श्यावर त्याचं प्रेम जडलं, तांबड्याला हात जोडायचा. महिनाभरात सगळ्यांना 'भावा' म्हणायला शिकला, रेफ्रीलासुद्धा. पहाटे गंगावेशीत म्हशीखालचं धारोष्ण दूध प्यायला आमच्या पैलवानांच्या रांगेत उभा राहायचा. पण प्रेक्षकांतून त्याच्या रंगावरून जे ओरडलं जायचं, तेही मी ऐकलंय. ते फक्त समोरच्या बाजूनं यायचं असं नाही. त्यानं संधी घालवली की आमच्याही बाजूनं यायचं. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. एकदा सामना झाल्यावर त्यानं मला विचारलं, ते अमुक शब्दाचा अर्थ काय? मी त्याला खोटा अर्थ सांगितला. त्याला ते कळलं असणार. हसला आणि बूट सोडायला लागला.

तो गेल्यावर त्याच्या खोलीत भिंतीला एक कॅलेंडर होतं, त्यावर घरी पैसे पाठवल्याच्या तारखांना गोल केलेले. त्याचीही एक वहीच होती म्हणायची.

पुढं २०१७ साली आपल्या देशात सतरा वर्षांखालचा विश्वचषक झाला. त्याच्या आधी सप्टेंबरात सरकारनं एका दिवसात दहा लाख पोरांना फुटबॉल खेळवायचा कार्यक्रम काढला. आमच्या पेठेत लोक एकमेकांना विचारत होते, एकच दिवस का? पण ६ ऑक्टोबरला दिल्लीत अमेरिकेविरुद्ध भारताची पोरं मैदानात आली आणि त्यांत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. हरलो, तीन शून्यनं. तरी त्या रात्री कट्ट्यावर गुलाल होता. वहीत तो लिहिलाय. हरल्यावर गुलाल आणल्याची सातही वह्यांतली एकमेव नोंद.

सातवी वही पंचगंगेनं वाचली आहे. २०१९ च्या ऑगस्टात पाणी आमच्या गल्लीत शिरलं, तालमीत छातीएवढं झालं. लाल माती सगळी वाहून गेली. उरलेल्या मातीला पुढं महिनाभर वास होता. टीमची पोरं तराफ्यांवर, टायरच्या ट्यूबवर म्हाताऱ्याकोताऱ्यांना काढत होती. सात दिवस शाळेत चूल पेटलेली. त्या पानांवर फुटबॉलचं काही नाही. बिस्किटं, दूध पिशव्या, मेणबत्त्या, फिनेल, असंच आहे. कुणीतरी वह्या कपाटाच्या माथ्यावर टाकल्या म्हणून त्या राहिल्या. पण सातवीच्या खालच्या कडेला पाण्याची रेघ आहे, तपकिरी, सरळ, माझ्या फक्कीच्या रेघांपेक्षा सरळ.

मग मार्च २०२० येतो. हंगाम ऐन भरात होता. शेवटची नोंद: 'फक्की २ पोती. उधार.' त्यानंतर कोरी पानं. टाळेबंदी लागली, स्पर्धा थांबली, आणि पुढं सगळं सुरू झालं तेव्हा हिशोब मोबाइलवर गेला. आता व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे, वर्गणी जमली की खाली अंगठे येतात.

ती उधारी काही डोक्यातून जाईना. सोमवारी बँकेतून, म्हणजे आता निवृत्त असल्यामुळं पेन्शनच्या कामावरून, येता येता त्या चुन्याच्या दुकानात गेलो. म्हातारे शेठ कोरोनात गेले; गल्ल्यावर मुलगा होता. वही पुढं केली. त्यानं पान बघितलं, मला बघितलं.

"काका, ही पोती तुमी न्हेलीच न्हाईसा."

"म्हंजे?"

"बाबांनी बाजूला काढून ठेवल्ती. टाळेबंदी उठली की पोरं न्यायला येतील म्हणून कुणाला दिऊ देत न्हवते. मग एकवीसच्या जुलैत पाणी आलं." त्यानं पायरीकडं हात केला.

दुकानाच्या दाराशी दोन पांढरट दगड होते, एकाला एक लावून. त्यांवर पाय ठेवून मी नुकताच वर चढलो होतो. वाकून बघितलं. दगडाच्या अंगावर पोत्याची वीण जशीच्या तशी उठली होती, आडवे उभे धागे, कडेला शिवणीचे टाकेसुद्धा. चुना भिजला, फुगला, आवळला, आणि गोणपाट कुजून गेल्यावर त्याचा ठसा तेवढा राहिला.

"उचलून टाकायला दोन गडी लावले व्हते," तो म्हणाला, "हाललंच न्हाई. मग ऱ्हाऊ दिलं."

मी पैसे काढले. तो नको म्हणाला, मी हो म्हणालो, असं थोडा वेळ चाललं. शेवटी त्यानं एका पोत्याचे घेतले. पोऱ्याला चहा सांगितला. आत गल्ल्याजवळ जागा नव्हती, म्हणून आम्ही दोघं त्या पोत्यांवरच टेकलो. चहा आला. त्यानं बशीत ओतला, फुंकर मारली आणि विचारलं, "काल काय झालं वो तुमचं?"

"टाके दुप्पट," मी म्हणालो.

त्याला काही कळलं नाही. मग मी पहिल्यापासून सांगायला लागलो.